पुस्तकात नसलेली टेंभरं

कोसंबटोला,
शुक्रवार, २१ जून १९८५

प्रिय वहाब,

या वेळी पुस्तकं पाठवू नकोस. हे वाचून तुला हसू येईल, कारण गेल्या तीन वर्षांत माझं एकही पत्र पुस्तकं मागितल्याशिवाय संपलेलं नाही. पण खरंच पाठवू नकोस. पत्र लांबणार आहे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याला नंतर यायला सांग आणि सगळं एका बैठकीत वाच. ईदेचा चंद्र दिसला की नाही ते या रानात कळायला मार्ग नाही, आज नाहीतर उद्या असेल. तुला, आबिदाभाभीला, नूरुद्दीनचाचांना मुबारक. सईदाखालांना सांग, माझा शीरखुर्मा झाकून ठेवू नका, या वर्षी माझं ब्रह्मपुरीला येणं होत नाही.

चार दिवस झाले, मला सारखं तुमचं जुनं बाइंडिंगचं दुकान आठवतंय. वाचनालयाची फाटकी पुस्तकं चाचांकडे बांधायला यायची आणि आपण दोघं कॉलेज बुडवून त्या सुट्या फर्म्यांवर, सोळा-सोळा पानांच्या जुड्यांवर, तुटून पडायचो. चाचा म्हणायचे, जो किताब सबसे ज्यादा फटी, समझो वही सबसे अच्छी. आणि सगळ्यात फाटकी नेहमी रहस्यकथांचीच असत. बंद पडलेला बंगला, खिडकीत हलणारा कंदील, भिंतीत चिणलेला खजिना. एक फर्मा तू वाचायचास, संपला की माझ्याकडे सरकवायचास, आणि मी मागे पडलो की मुद्दाम शेवटचा फर्मा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखाली घालून ठेवायचास. एकदा तर दोन दिवस मला खुनी कोण ते कळू दिलं नाहीस. जेवण गोड लागलं नव्हतं मला.

आमच्या घरी भूत नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. छप्पन साली बाबा चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि परत येताना घरातले देव, ताईत, भानामतीचे दोरे सगळं वैनगंगेत सोडून आले. आमच्या अंगणात लिंबू पडलं तर आई त्याचं सरबत करायची. मला वाटतं म्हणूनच मी तुमच्या दुकानात भूत शोधायला येत असेन. एकदा बाबांनी माझ्या हातात कवटीचं चित्र असलेलं पुस्तक पाहिलं. मी घाबरलो. त्यांनी एवढंच विचारलं, यात शेवटी भूत खोटं निघते ना? मी म्हटलं, निघते. मंग वाच, म्हणाले. आणि खरंच, आपल्याला तेच तर आवडायचं. दीडशे पानं अंगावर काटा आणि शेवटच्या दहा पानांत सगळ्याचा हिशेब लागतो. कोणी केलं, कसं केलं, का केलं. पुस्तक मिटलं की भीतीही मिटते. मला वाटायचं, भीती ही अशीच हातात धरायची वस्तू असते.

तू एप्रिलमध्ये बसच्या ड्रायव्हरबरोबर जो गठ्ठा पाठवलास, त्यात पुठ्ठा नसलेलं एक पुस्तक होतं. मधली काही पानं वाळवीने खाल्लेली. एका वाड्यात म्हातारी दासी राहते, संध्याकाळी कंदील घेऊन फिरते, पोरांना लाडू देते आणि एकेक पोर आजारी पडतं. शेवटी कळतं की म्हातारी बिचारी निर्दोष, लाडवांत विष कालवणारा मालकाचा पुतण्या. पुरलेली चांदी त्याला एकट्याला हवी होती. तुला आठवणारही नाही ते पुस्तक, तुझ्या हातून शंभर जातात. माझी मात्र त्याने झोप उडवली आहे.

झालं असं. मे महिन्यात इथे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे सगळं गाव रानात जातं, दुपारी शाळेच्या पडवीत आणि समोरच्या चिंचेखाली बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं, आणि ऊन उतरल्यावर ठेकेदाराच्या खरेदीच्या फळीवर नेऊन देतं. दुपारचे तीन-चार तास हात गुंतलेले आणि कान मोकळे. शाळेला सुट्टी होती, मी घरी जायला हवं होतं. गेलो नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला काहीतरी वाचून दाखवावं म्हणून मी पडवीत बसून ते पुस्तक वाचायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी दीडशे माणूस जमलं. शेजारच्या टोल्यावरून पानांची ओझी डोक्यावर घेऊन बाया ऐकायला येऊ लागल्या. वहाब, मी एक साधा प्राथमिक मास्तर. माझ्या तोंडाकडे इतकी माणसं कधी पाहत नव्हती. मला ते आवडलं. फार आवडलं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आता माझी करामत ऐक. वाडा, दिवाणखाना, पुतण्या, हे इथल्या बायांना कुठून कळणार? दंडारीत नाही का, ज्या गावात खेळ असेल त्या गावच्या बोडीचं, म्हणजे तळ्याचं, तिथल्या पाटलाचं नाव नट मध्येच घालतो आणि सगळा मांडव हसतो. मीही तसंच केलं. वाडा काढून बोडीपलीकडची झोपडी केली. तुळशीवृंदावनाची चिंच केली. पुस्तकात म्हातारीच्या डोळ्यांबद्दल काही नव्हतं, मी तिच्या एका डोळ्यात फूल घातलं. आणि लाडू इथे कोण वाटतं, म्हणून लाडवाच्या जागी टेंभरं वाचली. तेंदूची ही पिवळी गोड फळं मे महिन्यात पोरं खिशात घेऊन हिंडतात.

हे सगळं मला समोर दिसत होतं म्हणून मी घेतलं. बोडीपलीकडे धुरपताबाईची झोपडी आहे. साठीची विधवा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, मागेपुढे कोणी नाही. रोज दुपारी ती पहिल्या रांगेत बसायची, ओटीत टेंभरं, आणि पुडे बांधता बांधता आजूबाजूच्या पोरांना एकेक देत राहायची. मी वाचताना तिच्याकडे पाहिलं की सगळे तिच्याकडे पाहायचे आणि हशा पिकायचा. ती स्वतः सगळ्यांत जास्त हसायची. एकदा पुडा बाजूला ठेवून म्हणाली, मास्तर, मले भूत केलं का जी? बरं केलं, आता हे पोट्टे माह्या कोंबड्यांच्या मांगं नाई लागणार. आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठीही पानात गुंडाळून टेंभरं घेऊन आली.

पुस्तकाची चाळीसेक पानं उरली होती तेव्हा हंगाम संपला. लोक म्हणाले, मास्तर, एवढं सांगून टाका, कोण मारते ते पोरायले. मी नाही सांगितलं. धानाची रोवणी झाल्यावर सांगतो म्हटलं. तुझ्याकडून शिकलेली खोड, शेवटचा फर्मा शिकंज्याखाली ठेवायची. लोक हळहळत घरी गेले आणि मी स्वतःवर खूश होऊन भात शिजवला.

बारा तारखेला पत्रूची कांता गेली. पत्रू म्हणजे माझ्या प्रौढ वर्गाचा पहिला विद्यार्थी, पस्तिशीचा, मांडीवर पाटी ठेवून अक्षर गिरवणारा. कांता त्याची पाच वर्षांची मुलगी. सकाळपासून ओकाऱ्या आणि हगवण. मी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, बंडी जुंपली, मागे बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना अकरा मैलांवर. सातव्या मैलाला ती संपली. विहिरीत त्या दिवसांत गढूळ पाणी हातभर उरलं होतं, तळ दिसत होता, आणि गावभर पोटं बिघडली होती. हे मी पंधरा वेळा सांगितलं. पण विहीर काही कोणाची वैरी नसते. पाण्यावर राग धरून माणूस किती वेळ बसेल? आपण नव्हतो का पुस्तकात पन्नासाव्या पानापासून विचारत, कोणी केलं, कोणी केलं? अपघाताने मेला असं निघालं असतं तर आपण पुस्तक भिरकावून दिलं असतं.

तुला एक सांगतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बंडी परत आली तेव्हा धुरपताबाई रस्त्यात उभी होती. रडत होती. पत्रूची बायको म्हणाली, काल सांजच्यानं पोरीनं टेंभरं खाल्ले होते. आणि वहाब, रामाजीबाबांच्या पोराने, ज्याच्या घरात भूत नव्हतं त्याने, त्या क्षणी वळून धुरपताबाईच्या ओटीकडे पाहिलं. एक क्षण. माझ्याच तोंडातून निघालेली गोष्ट मला खरी वाटली. पत्रूने माझी नजर पाहिली. मला त्याची खात्री आहे.

चार दिवसांत आणखी दोन पोरं आजारी पडली. एक बरं झालं, एक अजून अंथरुणावर आहे. धुरपताबाईच्या छपरावर दगड पडू लागले. तिला विहिरीवर कोणी दोर देईना. मग मी घाबरलो आणि मला वाटलं, उपाय माझ्या पेटीतच आहे. सोमवारी दुपारी धुरपताबाई सरपणाला रानात गेली असताना मी लोकांना चिंचेखाली बोलावलं, म्हटलं राहिलेली गोष्ट ऐका, आणि शेवटची चाळीस पानं एकही शब्द न बदलता वाचली. म्हातारी निर्दोष आहे, पुतण्याने विष घातलं, कंदील ती दिवंगत मालकिणीच्या समाधीवर ठेवायला नेत होती. घसा सुकेपर्यंत वाचलं. शेवटी पत्रू उठला आणि म्हणाला, मास्तर, हे तुमी आता बनवून वाचून राह्यले. पहिले खरं वाचलं होतं.

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. म्हटलं, तुला वाचता येतं, मीच शिकवलंय, बघ. तो मातीत बसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेला. मी त्याला मागचं पान काढून दिलं, जिथे म्हातारी पोरांना बोलावते ते. मला दाखवायचं होतं की यात धुरपता नाही, बोडी नाही, आपलं गाव नाही. सगळे वाट पाहत उभे. तेवढ्या वेळात मला वाटत होतं की जिंकलो. पत्रूने मान वर केली. म्हणाला, इथी लाडू लिहून आहे. तुमी टेंभरं वाचलं. मी म्हटलं, हो, मीच बदललं. आणि डोळ्याचं? तेही मीच. तो इतक्या मायेने बोलला की मला अजून ऐकू येतं. म्हणाला, मास्तर, तुमाले पहिलेच माहीत होतं. उघड सांगता येत नाई म्हणून तुमी पुस्तकातून सांगतलं. आमीच येडे, आमाले समजलं नाई. समजलं असतं तर माही पोरगी वाचली असती.

बाया माझ्या पाया पडायला लागल्या. मी ओरडलो, रडलो, विहिरीचं पाणी बाटलीत भरून दाखवलं. जितकं नाकारतो तितकं त्यांना वाटतं की मास्तर भ्यालाय, त्या बाईने त्याच्यावरही काही केलंय. काल तर एका म्हाताऱ्याने माझ्या दारावर काळा दोरा बांधला, माझ्या रक्षणासाठी. बाबांनी नदीत सोडलेला दोरा माझ्या दारावर आला. मी तो तोडला नाही. भीती वाटली, की तोडला तर त्याचाही काही अर्थ लावतील.

परवा, रविवारी, नदीपलीकडून एक जाणता येणार आहे. तो तांदूळ टाकून करणी करणाऱ्याचं नाव काढतो. कोणाचं नाव निघणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात असंच नाव निघालं होतं, त्या बाईचं पुढे काय झालं ते मी तुला लिहीत नाही. मी सायकल मारत चौकीवर गेलो. तिथला जमादार वाईट माणूस नाही, पण जीप नादुरुस्त, माणसं दोन. काही झालं की लगेच कळवा, म्हणाला. झालं की कळवून काय करू, हे मला विचारता आलं नाही. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, पण आमच्यापासून त्या अजून दूरच आहेत.

रविवारी मी पळणार नाही. चिंचेखाली सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे की कांताला कोणी मारलं नाही, आणि मारलंच असं कोणाला म्हणायचं असेल तर विहीर उपसायची सोडून महिनाभर गोष्टी सांगत बसलेल्या मास्तरने मारलं म्हणा. गाळ तेव्हाच काढायला हवा होता. ते माझं काम होतं, मी गावातला एकटा शिकलेला माणूस, आणि मी कंदिलाच्या गोष्टी वाचत होतो. लोक काय करतील ठाऊक नाही. कदाचित काही करणार नाहीत, नुसते गप्प बसतील. मला त्याचीच जास्त भीती वाटते. तरी मी इथे दिसत राहणं गरजेचं आहे. मीही गेलो तर ते शोधायला निघतील.

आता राहिलं ते, जे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण तिथे लिहिलं असतं तर तू घाईघाईने उठला असतास, आणि मी कोणत्या तोंडाने हे मागतोय ते तुला कळलं नसतं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते ज्या बाईने पदराची गाठ सोडून तुझ्या हातात दिलं, तीच धुरपताबाई. उद्याच्या पहिल्या बसमध्ये मी तिला बसवून देणार आहे, कंडक्टर ओळखीचा आहे, तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवेल. बाबांकडे पाठवली असती, पण आमच्या गावात पत्रूची बहीण दिलेली आहे, दुसऱ्या दिवशी इथे कळेल. तुमच्या मोहल्ल्यात तिला कोणी शोधणार नाही. खालांना सांग, ईदेला आलेल्या पाहुण्यांत एक पाहुणी जास्त समजा. ती कामाला वाघ आहे, रिकामी बसणार नाही. मी स्वतः न्यायला आल्याशिवाय तिला परत पाठवू नका, कोणी माझं नाव सांगून आला तरी नाही. तिला वाटतंय मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाठवलंय. जमलं तर ते खरंच करून घे. छपरावरचे दगड ती पोरांची मस्ती समजते, पत्रू बोलत नाही ते पोरगी गेल्याचं दुःख समजते. चेटकीण हा शब्द तिच्या तोंडावर अजून कोणी उच्चारलेला नाही. आणि हे तिच्यावर कोणी आणलं ते मी तिला सांगू शकलो नाही, वहाब. तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो, तिने तीनदा चहा ठेवला आणि मी पिऊन परत आलो. ते मीच सांगेन, तू सांगू नकोस. आत्ता ती तुझ्यासमोर बसली असेल आणि तू वाचतोयस म्हणून एका डोळ्याने तुझ्या तोंडाकडे पाहत असेल. तिला अक्षर येत नाही, माणसाचं तोंड बरोबर कळतं. चेहरा उतरला असेल तर सावर. ती विचारेल, मास्तरनं काय लिहिलं जी एवढं? सांग, डोळ्याचंच लिहिलंय.

तुझाच,
खुशाल